मिळणे, मिळवणे आणि पटणे



मराठी ख्रिस्ती साहित्याच्या या सभेत अध्यक्षाच्या आसनावर मी कसा येऊन बसलो, हा प्रश्न माझ्यापेक्षा माझ्या काही मित्रांना अधिक छळतो आहे, म्हणून त्याचा खुलासा प्रथम करतो. मी दरखास्त केली नव्हती. ज्या बैठकीत माझे नाव निघाले तिची मला वार्ताही नव्हती. स्वागत समितीचे पत्र हाती पडले तेव्हा निवड होऊन चुकली होती. परंतु त्या पत्राला होकाराचे उत्तर लिहिले ते मी, दोन रात्री विचार करून, माझ्याच हाताने लिहिले. आणि हे भाषण फसले तर ‘समितीने निवडले म्हणून फसले’ ही सबब आपण चालू देणार नाही. मग मी येथे आहे तो त्यांच्या निवडीमुळे की माझ्या होकारामुळे? मनुष्याचे तारण देवाच्या अनादि संकल्पाने होते की हाकेला ओ देणाऱ्या मनुष्याच्या इच्छेने होते, या ज्या प्रश्नावर ख्रिस्ती जगताने पंधराशे वर्षांहून अधिक काळ शाई आणि प्रसंगी रक्तही सांडले, त्याचे एक फार लहान प्रतिबिंब या खुर्चीत आहे. आज त्याच प्रश्नावर बोलण्याचे मी ठरवले आहे.

काही हितचिंतकांनी मला बजावले, की हा वाद पाश्चात्त्यांचा आहे, तो त्यांच्याच दप्तरात राहू द्या. हे मत मला साफ नामंजूर आहे. तमिळ देशीच्या श्रीवैष्णवांत याच प्रश्नावरून दोन पंथ पडले: वानरीचे पोर जसे आईच्या पोटाला स्वतः बिलगते तसे भक्ताने देवाला धरावे, असे एका पंथाने म्हटले, मांजरी जशी पिलाला मानेशी धरून उचलते आणि पिलू काहीच करीत नाही तशी देवाची कृपा असते, असे दुसऱ्याने. आणि इतके दूर तरी कशाला जावे? ज्या घरांतून आपले आजेपणजे प्रभूकडे आले त्या घरांत सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जात असे, आणि पुढील आयुष्यात जे काही होई ते त्या लेखावर घातले जाई. त्या सटवाईला आपण वेशीबाहेर ठेवून आलो, असा आपला अभिमान आहे. माझी तक्रार ही, की तिची लेखणी मात्र आपण बरोबर घेऊन आलो, आणि ती बिनदिक्कत देवाच्या हाती दिली.

पाश्चात्त्यांचा इतिहासही सांगितलाच पाहिजे, कारण आपण त्यांचे निष्कर्ष घेतले आणि त्यांना पडलेली किंमत विसरलो. हॉलंडात आर्मिनियस नावाचा धर्मपंडित, जो जिनीव्हात, अनादि निवडीचे मत मांडणाऱ्या कॅल्विनचा उत्तराधिकारी बेझा याच्या हाताखाली शिकला होता, तोच पुढे म्हणू लागला की कृपा सर्वांना देऊ केलेली आहे आणि मनुष्य ती नाकारू शकतो. तो १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांची कैफियत सादर केली. आणि तिचा निकाल लावण्यासाठी नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ट शहरी धर्मसभा भरली, जिच्यात या अनुयायांना सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलावणे गेले. जानेवारीत त्यांना सभागृहाबाहेर काढले, आणि त्यांच्या पाच कलमांना सभेने अनादि निवडीच्या बाजूने आपली उत्तरे दिली. ९ मे १६१९ रोजी परदेशी प्रतिनिधींना निरोप मिळाला आणि १३ मे रोजी आर्मिनियसच्या पक्षाचा पाठीराखा, वयाची सत्तरी उलटलेला मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, याचा शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता हे खरे. पण अनादि निवडीचा वाद आणि राज्यसत्तेचा वाद त्या चार दिवसांत कोठे संपतो व कोठे सुरू होतो, हे मला तरी दाखवता येत नाही. त्याचा सहकारी ग्रोशियस याला जन्मठेप झाली. किल्ल्यात त्याला वाचायला ग्रंथांची पेटी जात असे आणि वाचून झालेले ग्रंथ तीच पेटी परत नेई. १६२१ मध्ये त्याच्या पत्नीने ग्रंथांच्या जागी नवऱ्यालाच पेटीत निजवले, आणि पहारेकऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावरून त्याला बाहेर पोचवले. साहित्याच्या सभेत एवढे सांगणे मी माझा हक्क समजतो, की धर्माच्या वादाने ज्याला अडकवले त्याला पुस्तकांच्या पेटीने सोडवले.

आता आपल्याकडे पाहा. १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी प्युरिटन परंपरेतले; १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश, म्हणजे कॅल्विनच्याच मताच्या वेस्टमिन्स्टर मतपत्राला बांधलेले. १८७१ मध्ये मुंबईत उपदेश करू लागलेले विल्यम टेलर मेथडिस्ट, म्हणजे अनादि निवडीच्या मताला कडाडून विरोध करणाऱ्या वेस्लीच्या घराण्यातले. ज्याला जे मिशन भेटले त्याला ते मत मिळाले. नगरचा शेतमजूर कॅल्विनच्या बाजूला पडला आणि मुंबईचा गिरणीकामगार वेस्लीच्या, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांची मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि दोन्ही पक्षांचे काही वारस एका बाकावर बसले. त्या ऐक्याचा मला आनंदच आहे. पण आपसांत बोलू या की वाद मिटला नाही, केवळ दप्तरदाखल झाला; आणि दप्तरदाखल झालेल्या कागदाला वाळवी लागते तशी त्यालाही लागली.

त्या वाळवीचे दोन प्रकार मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. मी विशीत असताना एका खेड्यात सव्वा महिन्याचे मूल बाप्तिस्म्याआधीच गेले. कबरीशी उपदेशक उभे राहिले, आणि बहुधा आपल्या विद्वत्तेची संधी दवडू नये म्हणून, त्यांनी सांगितले की जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने आपली यादी केली असून या बालकाचे नाव तिच्यात आहे किंवा नाही हे आपणांस कळणार नाही. आई लुगड्याचा पदर तोंडाशी धरून उभी होती. ती म्हणाली, “साहेब, यादीत असंल-नसंल म्हनता, पन आमी तर त्याचं नावच ठिवलं न्हवतं अजून.” इतके बोलून ती मातीची ओंजळ टाकायला पुढे झाली. मी पुष्कळ धर्मग्रंथ वाचले आहेत, पण त्या वाक्याला उत्तर देणारे पान मला सापडलेले नाही. सापडले ते निराळेच. ज्या डॉर्टच्या सभेचा कठोरपणा मी आताच वर्णन केला, तिनेच असे कलम करून ठेवले आहे की विश्वासणाऱ्या आईबापांनी बाल्यावस्थेत गेलेल्या लेकरांच्या निवडीविषयी व तारणाविषयी संशय धरू नये. आणि वेस्टमिन्स्टरच्या मतपत्राने बजावले आहे की हे गूढ विशेष सावधपणे हाताळावे. म्हणजे उपदेशकांनी ज्यांचा दाखला दिला त्यांनीच त्यांचे तोंड धरले असते! निवडीचे वतन एकदा हाती आले, की वतनदार मूळ सनद वाचीत नाही, तो केवळ तिच्यावरचा शिक्का दाखवीत फिरतो.

दुसरा प्रकार याच्या उलट. मंडपातल्या सभेत पेटी वाजते, वक्ता डोळे मिटायला सांगतो आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी हात वर करावा असे आवाहन करतो. लहानपणी मी असा हात तीन वर्षांत तीनदा वर केला, पैकी एकदा शेजारच्या सोबत्याने चिमटा काढल्यामुळे. आणि तिन्ही वर्षांच्या मोजदादीत मी एकेक आत्मा म्हणून जमा झालो असणार. येथे तारण ही बक्षिसी राहत नाही, तिची मजुरी होते: मी ठरवले, मी हात वर केला, मी मिळवले. पहिल्या प्रकारात मनुष्य यादीतला आकडा होतो आणि दुसऱ्यात अहवालातला. मग भांडण राहिले कशाचे? फक्त जमाबंदी कोणी करायची याचे!

मी धर्मशास्त्री नाही, भाषेचा मजूर आहे. म्हणून माझे उत्तर मी भाषेत शोधतो. आपल्या मराठीत ‘मिळणे’ आहे आणि ‘मिळवणे’ आहे. मला तारण मिळाले, असे डॉर्ट म्हणते. मी ते मिळवले, असे म्हणण्याच्या उंबऱ्यापर्यंत त्यांचे विरोधक जातात, निदान तसा आरोप त्यांच्यावर होतो. पण याच भाषेत एक तिसरे क्रियापद आहे, आणि ते आपल्या आयाबाया दिवसातून दहा वेळा वापरतात: पटणे. ‘मला पटले.’ आता कोणी निश्चय करून म्हणून पाहावे की उद्या सकाळी आठ वाजता मी अमुक गोष्ट पटवून घेणार! होत नाही. पटणे मनुष्याच्या हुकमतीत नाही, ते येते. पण फर्मान काढूनही कोणाला काही पटवता येत नाही. आणि जे मला पटले ते माझ्या वतीने दुसऱ्या कोणाला पटलेले नसते. माझ्या इच्छेवर जुलूम झालेला नसतो, उलट त्याच क्षणी ती प्रथम माझी होते. फिलिप्पैकरांना पौलाने एकाच दमात सांगितले की आपले तारण भीत कापत साधून घ्या, आणि तुमच्या ठायी इच्छाही देवच उत्पन्न करतो. ज्यांना या दोन वाक्यांत विसंगती दिसते, त्यांना आयुष्यात कधी काही मनापासून पटलेलेच नाही, असे मी उघड म्हणतो.

पुरावा हवा असेल तर आपल्याच घरात आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. निवडवाद्यांना याहून सोयीचा दाखला मिळणार नाही. पण त्याच घरात लक्ष्मीबाई होत्या. त्यांना ना भाकिताने हलवले, ना नवऱ्याच्या धर्मांतराने; रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, जेव्हा त्यांना पटले तेव्हा आल्या. त्या मधल्या पाच वर्षांत देव कोठे होता? गाडीच्या डब्यात जितका होता तितकाच त्या रुसलेल्या बाईच्या चुलीपाशी होता. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले टिकाऊ ग्रंथ बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आहेत, आणि ती दोन्ही या हळूहळू पटत जाण्याची आत्मवृत्ते आहेत, हा योगायोग मी मानीत नाही.

वाद नकोत, असे मी म्हणत नाही. वेस्लीने १७३९ मध्ये निवडीच्या मतावर जहाल प्रवचन केले, जिवलग मित्र व्हाइटफील्डने त्याला जाहीर पत्राने उत्तर दिले, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा लंडनात त्याच्या स्मरणार्थ प्रवचन करायला वेस्लीच उभा राहिला. असे भांडण मला हवे आहे. आपल्या लेखकांनी हा कागद दप्तरातून बाहेर काढावा, त्याची वाळवी झटकावी, आणि पाश्चात्त्यांच्या कलमांची भाषांतरे पुरे करून तो स्वतःच्या क्रियापदांत लिहावा. निवडीचा शब्द प्रथमपुरुषी बोलावा, ‘मला निवडले’ असा, कृतज्ञतेने आणि मागे वळून पाहताना. तृतीयपुरुषी, दुसऱ्याच्या कबरीशी उभे राहून, तो कधीही उच्चारू नये.

माझे म्हणणे आपणांस पटलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. आग्रह धरला तर माझेच भाषण खोटे पडेल. पण उपदेशकांच्या शिकवणुकीसाठी जे नवे पुस्तक आपण लिहवून घेणार आहोत, त्यात निवडीच्या प्रकरणाचा आरंभ डॉर्टपासून करू नये, त्या आईच्या वाक्यापासून करावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. तिच्यावर चर्चा व्हावी, आणि मत देताना कोणीही डोळे मिटू नयेत.