परसातला टोमॅटो कोणाचा?

(चाकूर येथे बचत गटांतील महिलांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी टोमॅटोवर बोलणार आहे. काहीजणींना वाटेल, जमिनीचा हक्क, हिंसा, दारू असे प्रश्न समोर असताना ही बाई कुंडीतल्या रोपाचे काय सांगत बसली? प्रश्न रास्त आहे. शेवटपर्यंत ऐका आणि मग ठरवा.

जुलै 2023 मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभराच्या वर गेला, काही शहरांत तर दोनशेच्याही पुढे. केंद्र सरकारला दिल्लीसारख्या शहरांत गाड्या उभ्या करून 90 रुपये, पुढे 80 रुपये किलोने टोमॅटो विकावा लागला. दोन-तीन महिन्यांत भाव असा कोसळला की शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही निघेना. बातम्यांत हे सगळे आले. एक गोष्ट मात्र आली नाही. भाजी महाग झाली की घरातल्या कोणाच्या ताटातून ती आधी जाते? उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पोरांना वाढायचे, पुरुषांना वाढायचे, आणि आपण कोरड्यासाचा तळ पुसून भाकरी खायची.

याचा हिशेब आपल्या रक्तात लिहिलेला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ते वाढले. म्हणजे इथे बसलेल्या दोघींपैकी एकीला जिना चढताना धाप लागत असेल, आणि ती म्हणत असेल, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच."

टोमॅटो हे काही रक्तवाढीचे औषध नाही. त्यात लोह फारसे नसते. लोह आहे आपल्या पालेभाजीत, डाळीत, ज्वारी-बाजरीत. पण धान्य-भाजीतले लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असले तर ते अधिक अंगी लागते, आणि ते टोमॅटोत, लिंबात, आवळ्यात, पेरूत असते. शिजवल्यावर त्यातले बरेच कमी होते. म्हणून भाकरी-भाजीसोबत एक टोमॅटो कच्चा, चिरून मीठ लावून खावा. जेवल्याबरोबर चहा पिऊ नये, तासभर थांबावे, कारण चहा हेच लोह अडवतो. आणि रक्त कमी असेल तर आरोग्य केंद्रात तपासून गोळ्या घ्यायच्याच. कुंडी लावली म्हणून गोळी सोडायची नाही.

आता कोणी म्हणेल, पूर्वी आमच्या घरी कुठे होत्या कुंड्या? नव्हत्या, कारण गरज नव्हती. ज्वारीच्या रानात बाया तूर, मूग, अंबाडी, वाळूक मिसळून पेरायच्या. बांधावर तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी मिळायची. तिला पैसे पडत नव्हते आणि कोणाला विचारावे लागत नव्हते. मग आपल्या भागात सोयाबीन आले, घरात रोख पैसा आला. मागोमाग तणनाशक आले आणि त्यात रानभाजीही जळाली. नगदी पीक काय घ्यायचे हे पुरुष ठरवतात, विक्रीची पट्टी त्यांच्या हातात येते, आणि बाईला भाजीसाठी बाजाराच्या दिवशी हात पसरावा लागतो. रानातून भाजी गेली तेव्हा बाईच्या हातातला एक निर्णयही गेला.

तो निर्णय परत मिळवल्याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत बायकांना घेऊन काम उभे केले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी घरी बसून बोलणी केली. "सगळं रान तुम्ही करा. अर्धा एकर, एक एकर मला द्या. तिथं काय पेरायचं ते मी ठरवीन." त्या तुकड्यात त्यांनी डाळी, धान्य, भाजीपाला घेतला. आधी घरी खायचे, उरले तर विकायचे. या कामाची दखल घेऊन 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. मला पुरस्कारापेक्षा ती घरातली बोलणी मोठी वाटतात.

पण जिच्या घरी अर्धा एकरही नाही, तिने काय मागावे? "जागाच न्हाई, तर लावू कुठं?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. तिच्यासाठीच मी बुटक्या टोमॅटोबद्दल बोलते आहे.

टोमॅटोच्या मुख्यतः दोन जाती समजा. एक वेलासारखी वाढतच राहते, तिला तारा-बांबू लागतात. दुसरी गुडघा-मांडीएवढी होते, फांदीच्या शेंड्याला फुलांचा घोस येतो आणि वाढ थांबते. ही दुसरी आपल्या कामाची. पुसा अर्ली ड्वार्फ हा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा असा बुटका वाण आहे. बियाणे घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, "झाड बुटकं राहतं का?"

रंगाची बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, फुटके घमेले, सिमेंटची पिशवी, काहीही चालते. फक्त दहा-पंधरा लिटर माती मावली पाहिजे आणि बुडाला चार-पाच भोके हवीत. औषध फवारणीचे डबे मात्र कितीही धुतले तरी वापरायचे नाहीत. नुसती काळी माती डब्यात भरली तर ती पावसात चिखल होते आणि उन्हात दगड. म्हणून एक वाटा माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत, एक वाटा वाळू घ्या. रोप पंचवीस दिवसांचे झाले की संध्याकाळी लावा आणि देठ पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरा, देठालाही मुळ्या फुटतात. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास लावणे सगळ्यात सोपे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात फुले गळतात. बगलेतले फुटवे खुडायला सांगतात, ते वेलाच्या जातीसाठी. बुटक्या झाडाचे फुटवे खुडले तर फळेच खुडल्यासारखे होते. या झाडांना फळ एकदम येते, म्हणून सगळी रोपे एका दिवशी न लावता तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन लावा. लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो. नीट निगा राखली तर एका झाडाला किलो-दीड किलो माल धरून चाला.

आता पाण्याचे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात बाईला "अजून दोन घागरी आण, कुंड्यांना घाल" असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्यामुळे तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंडीला द्या, हिवाळ्यात एका झाडाला लिटर-दीड लिटर पुरते. साबण-सोड्याचे पाणी रोज घालू नका, त्यातले क्षार डब्यात साठतात. मातीवर सोयाबीनचे भुसकट पसरा, ओल टिकते. एक दिवस कोरडे आणि एक दिवस पूर असे केले तर फळ फुटते, बुडाला काळे पडते. पाने आक्रसली तर ते पांढऱ्या माशीने आणलेल्या रोगाचे लक्षण. असे झाड उपटून टाका. माशी दिसू लागताच निंबोळीचा अर्क फवारा.

बियाणे सरळ वाणाचे असेल तर पुढच्या वर्षासाठी घरचे राखता येते. संकरित वाणाचे राखले तर पुढचे पीक तसेच येत नाही. चांगल्या झाडाचे पिकलेले फळ घ्या, गर दोन दिवस वाटीत आंबू द्या, धुवा, सावलीत वाळवा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बी राखणे हे बायकांचे जुने शहाणपण आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. उमेद अभियानातून गावोगाव पोषण परसबागांच्या मोहिमा झाल्या, चांगली गोष्ट आहे. पण परसबाग म्हणजे आईचे आणखी एक काम, एवढाच तिचा अर्थ उरला तर आपण फसलो. स्वयंपाक तिचा, पाणी तिचे, रोजगार तिचा, आणि आता कुपोषणही तिनेच कुंडीत माती घालून दूर करायचे! म्हणून नियम आधी घरात ठरवा. डबे उचलणे, माती मिसळणे पुरुषांनी करावे. पाणी घालायची पाळी मुलांची, मुलीबरोबर मुलाचीही. आणि पहिला तोडा निघेल तेव्हा तो सगळ्यांत सारखा वाटायचा. वाढणारी शेवटी जेवते म्हणून तिचा वाटा चुलीवरच्या भांड्यात गेला, असे चालणार नाही. सासूबाई, सुनेच्या ताटाकडे तुम्हीच बघा. तुमच्या ताटाकडे कोणी बघितले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि दुसरी गोष्ट. डबा ज्या ओट्यावर ठेवणार, तो ओटा कोणाच्या नावावर आहे? नवऱ्याने रागात "निघ माझ्या घरातून" म्हटले तर बाई निघेल आणि कुंडी तिथेच राहील. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावी, असा आदेश शासनाने 2003 साली काढला. तुमच्यातल्या कितीजणींनी आपला नमुना आठ पाहिला आहे? शेताचेही तसेच. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढा हक्क मिळाला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. तरीही 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीच्या खात्यांपैकी फक्त 14 टक्क्यांच्या आसपास बायकांची होती. बाकीच्या बाया शेतात राबतात आणि कागदावर दिसत नाहीत.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने तीन कामे करायची. दोन डब्यांना भोके पाडून माती भरायची. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासायचे आणि आकडा लिहून आणायचा. आणि ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा मागायचा. चाकूर शहरातल्यांनी नगरपंचायतीत मालमत्ता कराची नोंद कोणाच्या नावे आहे ते पाहायचे. एकटीला धीर होत नसेल तर चौघी मिळून जा. उतारा आणा, आपण इथे बसून वाचू आणि ज्यांचे नाव नाही त्यांचे अर्ज त्याच दिवशी लिहू.