शाखा म्हणजे पाटी नव्हे
(तालुका शिबिरात झालेले भाषण)



निवडणूक आली की पाड्यावर जीप येते. नाक्यावर पक्षाची पाटी लागते, एक अध्यक्ष होतो. बहुतेक ठेकेदार, नाहीतर दुकानदार. पावतीबुक त्याच्याच घरात. मतं पडली की जीप गेली, पाटी गंजली. पुढं फॉरेस्टवाले आपल्या उभ्या नाचणीत शिरतात, तेव्हा ती शाखा कुठं असते?

पण शाखा ही गोष्टच वाईट, असं म्हणू नका. १९२० साली नागपूरला काँग्रेसने नवी घटना केली. चार आणे भरील तो सभासद. तालुका, जिल्हा, प्रांत अशा कमिट्या. कम्युनिस्ट पक्षातही शाखा हाच पाया, आणि सभासदत्व दर वर्षी नवं करावं लागतं. कागदावर सगळं ठीक आहे. बिघडतं ते इथं, की हुकूम वरून खाली येतो, पण गावाचं म्हणणं वर जात नाही.

ठाणे जिल्ह्यातले वारली आठवा. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे थोडे वारली तिथं गेले. ऐकलेलं त्यांनी गावात येऊन सांगितलं. मे महिन्यात झरीला हजारोंची सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मेले. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली. तरी चळवळ मोडली नाही, पुढच्या वर्षी मजुरीसाठी संप झाला. पुढाऱ्याला हद्दपार करता येतं, पाड्याला करता येत नाही.

म्हणून आपली गाव-शाखा अशी चालवायची :

१) दर पाड्यातून कमिटीवर माणसं, त्यात बाया पाहिजेतच. नुसतं नाव लावायला नाही, बोलायला.

२) बैठकीचा दिवस कायमचा ठरवा. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बरं पडतं.

३) ठराव लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, मगच सही-अंगठा. न वाचलेल्या कागदावर अंगठा नाही.

४) वर्गणीची पावती द्यायची. हिशेब दर बैठकीला सांगायचा. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे.

५) तालुक्याला दोघं जातील. काय बोलायचं ते गाव ठरवील. परत आल्यावर काय झालं ते गावाला सांगायचं. न सांगणारा पुढच्या वेळी जाणार नाही.

६) सेक्रेटरी वर्षानं बदलता आला पाहिजे. चांगला असला तरी विचारायचं.

आता कामाचं. गावोगाव जंगल-प्लॉटांची यादी करायची आहे. ती एकाच्या ओटीवर बसून केली, तर ओळखीवाल्यांची नावं चढतील. विधवा बाई, गडी म्हणून बाहेर गेलेला, लांबच्या पाड्याचा, हे सुटतील. एकदा नाव सुटलं की जमीन सुटली. म्हणून यादी सगळ्या गावापुढं वाचा. ज्याचं राहिलं त्यानं तिथंच उठून सांगावं. दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्या सांभाळून ठेवा, फेकू नका. ती जमीन आपण कसतो याचा तो पुरावा आहे.

पुढच्या शिबिराला येताना तुमच्या गावची ठरावाची वही घेऊन या. भाषण मग तुम्ही करा, आम्ही ऐकू.

जिंदाबाद!