आपलें मोल आपण जाणावें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या युवकांच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या सभेंत आम्हीं चार शब्द बोलावे असा आग्रह झाला, आणि विषय तरुणांनींच सुचविला: जगांत आपली योग्य किंमत कशी करवून घ्यावी? शिक्षण संपवून मुलाखतीस जाणाऱ्या आणि विरारच्या गाडींत उभें राहून रोज मुंबई गांठणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न पोटांतून आलेला आहे. तो धर्माबाहेरचा आहे असें आम्ही मानीत नाहीं. ज्याला संसार चालवावयाचा आहे, त्याला आपले श्रम व आपलें ज्ञान बाजारांत मांडावेंच लागतें. त्यांत लाज कसली? नाझरेथच्या सुताराच्या घरींही कामाच्या मोबदल्यावरच चूल पेटत असली पाहिजे.

मात्र बाजाराचा एक नियम आहे, आणि तो आपल्या वसईच्या बागाईतदारास कोणीं शिकवावा लागत नाहीं. घड उतरविला कीं तो प्रथम केळें कोणतें तें पाहतो. राजेळी असेल तर तिचीं सुकेळीं होतील. जें पिकलें तें आजच गेलें पाहिजे, हिरवें असेल तें दोन दिवस थांबेल. एवढें पाहून मगच तो भाव बोलतो. जमीन विकावयाची झाली तर आपण सातबारा काढतों, मोजणी करवितों, बांध कोठें संपतो तें शेजाऱ्यासमक्ष निश्चित करतों. गुंठाभर जागेविषयीं इतकी दक्षता! आणि ज्या आत्म्याचा हिशेब देवापुढें द्यावयाचा आहे, त्याचा सातबारा आपण आयुष्यांत किती वेळां उघडून पाहिला?

स्वतःस न ओळखतां बाजारांत उतरणारा मनुष्य तीन प्रकारांनीं नागविला जातो.

पहिला मनुष्य आपणांस सस्त्यांत देऊन टाकतो. 'आम्हांला काय येतें?' असें म्हणून तो मागच्या बांकावर बसतो, आणि लोक त्याला नम्र म्हणतात. परंतु नम्रता म्हणजे सत्याला धरून चालणें, असें आविलाच्या संत तेरेजानें शिकविलें आहे. आणि असलेलें नाहीं म्हणणें हें सत्य नव्हे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील तालंतांचा दाखला आठवा. तालंत हें चांदीचें मोठें वजन होतें. एका तालंताचे सुमारें ६,००० दिनार होत, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्या चाकरास सर्वांत थोडें मिळालें, त्याच्याही पदरांत जवळजवळ वीस वर्षांची मजुरी पडली होती! तीच त्यानें भीतीपोटीं मातींत पुरली.

दुसरा मनुष्य खोटें माप घेऊन बसतो. नसलेलें ज्ञान तो अर्जांत लिहितो, दुसऱ्यानें केलेलें काम स्वतःचें म्हणून सांगतो. कदाचित् जागा मिळेलही. परंतु त्या दिवसापासून तो चाकरी कमी करतो आणि पहारा अधिक करतो, कीं आपलें पितळ कधीं उघडें पडेल.

तिसऱ्याची हानि सर्वांत मोठी. जें विकावयाचें नसतें तें तो विकून बसतो: दिलेला शब्द, सदसद्विवेकबुद्धि, श्रद्धा. तो दुष्टच असतो असें नाहीं. आपल्या घरांतील कोणती वस्तु विक्रीची आणि कोणती देवाची ठेव, हें त्यानें आधीं कधीं पाहिलेलेंच नसतें. म्हणून गिऱ्हाइकानें मागतांच तो उचलून देतो.

आपल्या मातीचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें पुन्हां वाचावें. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईंत जन्मलेले गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं शिकले आणि कोवळ्या वयांत त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथें त्यांनीं जपानी भाषा आत्मसात् केली व धर्मशिक्षणाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाहीं. पुढें ते व्यापारांत पडले, आणि व्यापार चांगला चालला. पुष्कळांची कथा येथेंच संपली असती. परंतु भरलेल्या गल्ल्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले, तेही याजक म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे संत पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून धाडलें, तेव्हां दुभाषी म्हणून हा वसईकर बंधु बरोबर गेला. पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. जपानी बोलणारी जीभ होती, आणि ती त्यांनीं लपविली नाहीं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें. ८ जून १८६२ रोजीं नववे पोप पायस ह्यांनीं त्यांस संतपदावर चढविलें. जी जीभ व्यापारांत कामीं आली तीच वकिलातींतही आली. क्रुसापाशीं मात्र ती कोणासही विकत घेतां आली नाहीं.

आतां तुम्ही विचाराल, स्वतःस ओळखावें कसें? संत इग्नेशियस ह्यांच्या आत्मिक साधनेच्या ग्रंथांत त्याची रीत आहे. १५४८ सालीं तिसरे पोप पॉल ह्यांनीं तो मान्य केला. रोज देवाचे आभार मानावे, त्याच्यापाशीं प्रकाश मागावा, दिवस तासातासानें तपासावा, चुकीबद्दल क्षमा मागावी आणि उद्यांचा निश्चय करावा. एखादा विशिष्ट दोष घालवावयाचा असेल तर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठीं कागदावर रेघा ओढाव्या, जितक्या वेळां पडलों तितके ठिपके द्यावे, आणि आजचे ठिपके कालच्याशीं ताडून पाहावे. ही तर दुकानदाराची खतावणीच झाली! आमची सूचना इतकीच, कीं त्याच कागदाच्या पाठीमागें देवानें दिलेलें व आज उपयोगांत आलेलें एक दानही लिहीत जावें. कारण जमेची बाजू न लिहिणारी वही खोटीच ठरते. आणि महिन्यातून एकदां ती वही आईपुढें, गुरुजनांपुढें किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंपुढें मनानें उघडावी. आपली पाठ आपणांस दिसत नाहीं.

असें करून मुलाखतीस जा. जें येतें तें स्पष्ट सांगा. येत नाहीं तेथें 'शिकेन' म्हणा. जें विकावयाचें नाहीं त्याचा निर्णय घरूनच करून निघा, कारण समोर पगाराचा आंकडा आल्यावर निर्णय करूं पाहणारा बहुधा हरतो. आणि एखादी जागा मिळाली नाहीं, तर आपली किंमत उतरली असें मानूं नका. ती किंमत त्या कचेरींत ठरलेली नाहीं. ज्या प्रभूनें आपलें रक्त देऊन तुम्हांस सोडविलें, त्यानें ती केव्हांच ठरविली आहे.

आपलें हें देऊळ उभें राहिलें, तेव्हां आपल्या वाडवडिलांपैकीं कोणीं पैसा दिला, कोणीं लांकूड, कोणीं नुसती अंगमेहनत. ज्याच्यापाशीं जें होतें तें त्यानें ओळखलें आणि आणून ठेविलें. महोत्सवाच्या ह्या वर्षीं तुम्हांपैकीं प्रत्येकानें आपली वही उघडावी, आणि तींतील एक तरी दान ह्या धर्मग्रामाच्या कामीं आणावें, एवढेंच आमचें मागणें आहे. परमेश्वर तुम्हां सर्वांस प्रकाश व धैर्य देवो.