एक अक्षर, दोन संगणक
(वसई तालुक्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर आचोळे येथे केलेले भाषण)



आचोळे हे नाव कोणी ‘अचोळे’ असे लिहिले, तरी टपालवाला पत्र पोहोचवील. माणूस समजून घेतो. संगणकांत मात्र एक समजून घेतो, दुसरा घेत नाही. आजचा विषय हाच आहे.

मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. सी भाषेतील आज्ञावली बहुधा अनेक फाइलींत विभागलेली असते व एक फाइल दुसरीला नावाने बोलावते. समजा, फाइलीच्या नावाचे पहिले रोमन अक्षर मोठे आहे आणि बोलावताना ते लहान लिहिले गेले. विंडोज प्रणाली सामान्यतः हा भेद मानीत नाही. काम बिनबोभाट होते. लिनक्स तो मानते, आणि ‘फाइल सापडत नाही’ असे सांगून कंपायलर थांबतो. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या नजरेतून तो सहज निसटू शकतो.

त्याच फाइलीची दुसऱ्या नावाने प्रत ठेवणे, हा घाईचा उपाय होय. तो करू नये. पुढे एका प्रतीत दुरुस्ती होते व दुसरी जुनीच राहते; शिवाय विंडोजवर ही दोन नावे एका फोल्डरमध्ये सहसा नांदूच शकत नाहीत. योग्य उपाय असा की, नाव सर्वत्र एकाच रीतीने लिहावे आणि दुरुस्ती दोन्ही प्रणालींवर चालवून पाहावी.

सहकाऱ्यांनी मिळून आज्ञावली तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत आय.बी.एम.चे मायकेल फेगन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. तपासणी लेखनाची असावी, लेखकाची नव्हे, हे अशा कामाचे पथ्य आहे. परंतु सर्व तपासनीस एकाच प्रकारचा संगणक वापरीत असतील, तर वरील दोष कोणालाच दिसणार नाही. म्हणून तपासणीच्या बैठकीत दोन्ही प्रणालींचे प्रतिनिधी हवेत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यास दोष देण्यापूर्वी त्याचे काम घरी कोणत्या व शाळेत कोणत्या प्रणालीवर चालले, हे विचारावे. अधिकारी व पंचायत सदस्यांनी नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी ती आपल्या कार्यालयातील प्रत्येक प्रकारच्या संगणकावर चालवून घ्यावी. तेवढी दक्षता घेतली, तर एका अक्षरापायी दाखल्यासाठी आलेल्या नागरिकास परत जावे लागणार नाही.