शेवटचं कडवं गाळू नका

मझौलीत आत्ता आजोबा गायले, नातवानं कीबोर्डवर साथ दिली. गीत वामनदादा कर्डकांचं.

१९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. त्यांचं नाव बहुतेक वेळा शेवटच्या कडव्यात येतं.

कॉलेजात असताना मी वडिलांकडून त्यांचं एक गाणं घेतलं, मित्रांसोबत गिटारवर बसवलं आणि लांबतंय म्हणून तेच कडवं गाळलं. वडील एवढंच म्हणाले, "चाल ठेवलीस, माणूस काढलास."

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. नवी वाद्यं जरूर आणा. पण म्हाताऱ्यांजवळ बसून अख्खं गाणं उतरवून घ्या, कवीच्या नावासकट.

जय भीम!