औषध नव्हे, विष आहे ते

(गायरान आणि वनहक्क दावेदारांच्या मेळाव्यात, मांजरसुंबा येथे जून 2011 मध्ये एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



सकाळपासून दाव्यांचं, पुराव्यांचं बोलणं चाललंय. मी थोडं वेगळं बोलणार आहे, पण ते जमिनीला सोडून नाही. मृग लागलाय. पेरण्या होतील, मग कपाशीवर, तुरीवर फवारणी सुरू होईल. तेव्हा पंप कुणाच्या पाठीवर असतो? सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या नाही. आपल्या पाठीवर असतो.

माझ्या चुलतभावाचं सांगते. तुरीवर फवारायला रोजानं गेला होता. पायात काही नाही, तोंडाला काही नाही. वारा समोरून. पंप गळत होता, सदरा पाठीला चिकटलेला. संध्याकाळी घरी आला, उलटी झाली, हातपाय वाकडे व्हायला लागले. म्हातारी माणसं म्हणली, फेफरं आलं. कुणी म्हणलं, बाहेरचं झालं. रात्री दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, कोणतं औषध मारलं? कुणालाच सांगता येईना. डबा मालकाकडं. मालक म्हणाला, हा माझ्याकडं कामालाच नव्हता. भाऊ वाचला. पण हात अजून थरथरतो, कोयता नीट धरता येत नाही. आणि ऊसतोडीला हात नसला तर उचल कोण देणार?

दोन दिवसांनी डबा उकिरड्यावर सापडला. वर लिहिलेलं होतं एंडोसल्फान.

आपण त्याला औषध म्हणतो. औषध माणसाला बरं करतं. हे विष आहे. 1950 नंतरच्या काळात कारखान्यात तयार झालेलं. कापूस, तूर, भाजी, सगळ्यावर चालतं, स्वस्तात मिळतं, म्हणून खेडोपाडी पोचलं. ते मेंदूवर आणि नसांवर मारा करतं, म्हणून झटके येतात. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त झटके थांबवू शकतात, श्वास चालू ठेवू शकतात. कातडीतून शिरतं, नाकातून शिरतं. अंगातल्या चरबीत आणि आईच्या दुधातसुद्धा सापडलेलं आहे.

आता केरळात काय झालं ते ऐका. कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा आहेत, डोंगरावर. वीस वर्षांहून जास्त काळ तिथं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. वर बागा, खाली वस्त्या, विहिरी, झरे. सगळं खाली आलं. आधी मधमाश्या गेल्या, मासे मेले. मग लेकरं जन्माला यायला लागली ती अधू. कुणाचं डोकं मोठं, कुणाला फिट, कुणाला चालता येईना. पड्रे गावच्या डॉक्टर मोहनकुमारांच्या लक्षात आलं की एकाच भागात एवढं आजारपण असणं बरोबर नाही. लीलाकुमारी अम्मा नावाच्या बाई, शेती खात्यातच नोकरीला होत्या, त्या कोर्टात गेल्या आणि 2000 साली हेलिकॉप्टरची फवारणी थांबली. पुढं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं पड्रेतली मुलं तपासली. दुसऱ्या गावच्या मुलांपेक्षा इथं जन्मजात व्यंग जास्त, शिकण्यात अडचण जास्त, असं निघालं. तरी कंपन्या म्हणत राहिल्या, पुरावा कुठंय? हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तरी आपल्यालाही तेच विचारतात.

आफ्रिकेत बेनिन देशात 1999 च्या कापसाच्या हंगामात याच विषानं तीसहून जास्त माणसं गेली. कापूस तिथंही, कापूस इथंही.

आपल्याकडं हेलिकॉप्टर नाही, पाठीवरचा पंप आहे. पण पाणी तसंच खाली जातं. या बालाघाटाच्या डोंगरावरचं पाणी ओढ्यानं बिंदुसरेत उतरतं, पालीच्या तलावात जातं, पुढं बीडला. पंप ओढ्यात धुतला तर मासे उलटे होऊन तरंगतात, इतकं थोडं विष त्यांना पुरतं. बांधावरची तांदुळजा, कुर्डू आपण खुडून आणतो, त्यावरही फवारा पडलेला असतो. अळ्या मेल्या की तितर, लाव्हरी, मोर त्याच वेचतात. पलीकडं नायगावला मोरांसाठी अभयारण्य केलंय. मोराला कुंपण कळत नाही, विषालाही कळत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये जिनिव्हात देशोदेशीच्या सरकारांनी ठरवलं, हे विष जगातून काढायचं. आणि 13 मेला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला. सध्या देशात एंडोसल्फान बनवायला, विकायला, वापरायला बंदी. पण कोर्टाचा हुकूम दिल्लीत झाला, डबे दुकानाच्या मागच्या खोलीत आहेत. स्वस्तात देतो म्हणतील. घेऊ नका.

म्हणून एवढं करायचं:

एक. पंप पाठीवर घ्यायच्या आधी डबा दाखवा म्हणायचं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्यायचं. एंडोसल्फान असेल तर कामाला नाही म्हणायचं, आणि एकट्यानं नाही, सगळ्या वस्तीनं. लाल, पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी. हिरवा असला तरी विषच.

दोन. कुणाला झालंच तर कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा, कुशीवर निजवा. झटका चालू असताना तोंडात काही घालू नका. दूध, तेल, तूप पाजू नका, त्यानं विष जास्त भिनतं. उलटी करायला लावू नका. डबा घेऊनच दवाखान्यात जा.

तीन. रिकामा कॅन पाण्याला, रॉकेलला, पिठाला वापरायचा नाही. भोकं पाडून टाका. उरलेलं विष ओढ्यात, विहिरीत ओतू नका, जाळू नका.

चार. दुकानात विकताना दिसलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं म्हणतील.

पाच. ग्रामसभेत ठराव घ्या. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं पाण्याचे झरे, पाणलोट, जंगलातले जीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो अधिकार कागदावर ठेवायचा नाही.

शेवटचं. माझ्या भावाच्या हाती जमिनीचा तुकडा असता तर तो त्या दिवशी दुसऱ्याच्या तुरीत गेला असता का? गेला असता तरी नाही म्हणायची ताकद राहिली असती. जमीन मागतो ती पोटासाठी, तशी नाही म्हणता यावं म्हणूनही. आणि जमीन मिळाल्यावर तेच विष आपण आपल्या हातानं आपल्याच ओढ्यात सोडलं, तर ही लढाई कशासाठी केली?

विचार करा. जिंदाबाद!