टेबलापलीकडचे हात

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून आलेले प्राध्यापक आणि विद्यार्थी, राज्यभरातून आलेले लहान प्राण्यांचे पशुवैद्यक, आणि आपापल्या डॉक्टरांबरोबर आलेल्या मदतनीस बंधू-भगिनींनो,

मदतनीसांना सुरुवातीलाच एक विनंती आहे. पुढच्या दोन रांगा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. भिंतीला टेकून उभे राहू नका, पुढे येऊन बसा.

परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हाच्या पशुवैद्यकाच्या डोळ्यांसमोर घोडा आणि बैल असायचा. आज साताऱ्यासारख्या गावातही कुत्र्या-मांजरांचे स्वतंत्र दवाखाने आहेत, तिथे सोनोग्राफी होते, रक्ताचे रिपोर्ट तासाभरात हातात येतात. ही प्रगती आपण सगळे जाणतो, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयी.

आपला दिवस कसा सुरू होतो? दार उघडायच्या आधीच पायरीवर कोणीतरी बसलेलं असतं. बुटांच्या खोक्यात दोन महिन्यांचं पिल्लू, रात्रीपासून उलट्या आणि रक्ताचे जुलाब. त्याच्यामागे गोचीडताप झालेला लॅब्रॅडॉर, हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. मग सात-आठ वर्षांची कुत्री, हीट होऊन महिना उलटलेला, ‘पाणी फार पिते हो’ म्हणून आणलेली, आणि आत गर्भाशय पुवाने भरलेलं. कालपासून लघवी तुंबलेला बोका. यातल्या प्रत्येकाला तपासायचं, सुई टोचायची, तर आधी कोणीतरी धरावं लागतं.

धरणं म्हणजे जोर लावणं नव्हे. सलाईन मी लावते, पण शीर मला माझा मदतनीस दाखवतो. कुत्र्याला कुशीत घेऊन एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हाताचा अंगठा कोपरापाशी शिरेवर दाबून किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेला. मग शीर फुगून वर येते आणि सुईखालून सरकत नाही. सुई आत गेली की नेमक्या क्षणी अंगठा सोडायचा. आधी सोडला तर शीर बसते, उशिरा सोडला तर तिथे रक्त साकळून फुगतं. गॉजपट्टीचं मुसकं कसं बांधायचं, पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्याला ते का चालत नाही, उलट्या होत असलेल्याचं तोंड का बांधायचं नाही, हे त्याला पाठ असतं. मांजराला तर जितकं कमी धराल तितकं बरं. मानेची कातडी पकडून उचलणं टाळा, असं मांजरांचे तज्ज्ञ आता सांगतात. टॉवेल, बंद दार आणि घाई नसलेले दोन हात, एवढ्यावर बहुतेक मांजरं तपासून होतात.

१९८४च्या कायद्याने पशुवैद्यकांची नोंदवही आली. पशुधनासाठी पदविकाही आहेत. पण कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या या माणसांपैकी बहुतेकांकडे ना प्रमाणपत्र, ना नोंद. जे येतं ते जुन्या मदतनीसाकडे बघून शिकलेलं. त्यामुळे धोकेही तसेच, कोणी न सांगितलेले.

रेबीजचंच बघा. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लाळ गाळत अंगावर येणारं जनावर डोळ्यांसमोर येतं. पण रेबीजचं एक मुकं रूप असतं. कुत्रा शांत पडून असतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. मालक सांगतो, घशात हाड अडकलंय, जरा बघा. आणि हाड शोधायला तोंडात हात कोणाचा जातो? लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी लस घेतलेल्या माणसाला प्राणी चावला, तर जखम नीट धुऊन दोन डोस पुरतात, महागडं सीरम लागत नाही. आपण डॉक्टर ही लस बहुधा शिकतानाच घेतो. तुमच्या मदतनीसाने घेतली आहे का, हे आज प्रत्येकाने स्वतःला विचारावं. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचून माणसांमधला रेबीज थोपवून दाखवला. आपल्याला तो टप्पा अजून गाठायचा आहे. तोवर तोंडात हात घालणाऱ्या माणसाला तरी संरक्षण हवंच.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. प्राणी हलू नये म्हणून प्रत्येक वेळी मदतनीसच धरतो, आणि शिशाचा एप्रन कित्येक ठिकाणी खुंटीवरच लटकलेला असतो. गुंगीचं इंजेक्शन आणि वाळूच्या पिशव्या वापरल्या, तर बऱ्याचदा खोलीत कोणी थांबायची गरजच पडत नाही.

पार्व्हो विषाणूची लागण झालेल्या पिल्लाचा पिंजरा धुणाऱ्याला आपण फिनाईलची बाटली देतो. हा विषाणू त्याला दाद देत नाही, महिनोन्‌महिने टिकतो. तिथे पातळ केलेलं ब्लीच लागतं, हातात मोजे लागतात. त्यातून काळं फिनाईल मांजरांना घातक. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस झालेल्या कुत्र्याची लघवी पुसणाऱ्या हातांनाही मोजे हवेत. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण ती कोणीतरी द्यायला हवीत.

आणि एक काम असं आहे, ज्याविषयी दवाखान्यात कोणी फारसं बोलत नाही. असाध्य दुखण्यातल्या प्राण्याला शेवटचं इंजेक्शन देताना डोकं मांडीवर घेऊन बसतो तोही हाच माणूस. मालक रडत बाहेर जातो, डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. टेबल पुसून, पट्टा काढून तो घरच्यांच्या हातात द्यायचं काम याच्याकडे राहतं. त्यानंतर त्याला दहा मिनिटं बसू द्या, चहा घेऊ द्या. मी हे कळकळीने मागते आहे.

म्हणून यंदाच्या मेळाव्याची आखणी थोडी वेगळी केली आहे. उद्या दुपारच्या सत्रात प्राणी धरण्याची प्रात्यक्षिकं मदतनीस दाखवतील, आणि आपण डॉक्टर समोर बसून बघू, प्रश्न विचारू. शिरवळच्या विद्यार्थ्यांनी ते सत्र चुकवू नये. त्यांच्या पहिल्या नोकरीत ते रोज उपयोगी पडेल.

जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे, सगळ्यांची एकाच पंगतीत. नाश्त्याबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे ठेवले आहेत. सभागृहाबाहेर डाव्या हाताला रेबीजच्या लसीकरणाचा कक्ष आहे. ज्या मदतनीसांनी लस घेतलेली नाही, त्यांनी चहाच्या सुट्टीत तिथे नाव नोंदवून पहिला डोस घ्यावा. पुढच्या डोसांच्या तारखा कार्डावर लिहून मिळतील, आणि ते डोस आपापल्या गावी पूर्ण करून घेण्याची जबाबदारी त्यांच्या डॉक्टरांची आहे. तसं लिहून दिलेल्या कागदावर डॉक्टरांनी तिथेच सही करायची आहे.